एकवीस इंचांचं जहाज

"मोदकपात्र उतरव गो हेमा. शिजल्यो आसतल्यो," अण्णा पडवीतून म्हणाले.

मी झाकण काढलं. आत मोदक नव्हते. फणसाच्या लाकडाच्या, अर्ध्या वितीच्या आणि भाताच्या काडीएवढ्या रुंद अशा पंधरा-वीस पट्ट्या वाफेत पडल्या होत्या. गणपती उठल्यावर अण्णांनी मोदकपात्र जे पडवीत नेलं ते पुढच्या चतुर्थीलाच स्वयंपाकघरात परत येणार होतं. शेजारच्या मनोरमाकाकू सगळीकडे सांगत सुटल्या होत्या, "आरोसकराची सून आता जहाजां उकडता!"

अण्णा म्हणजे माझे सासरे. मुंबईच्या गोदीत तीस वर्षं जहाजांचे नकाशे काढून निवृत्त झाले आणि वेंगुर्ल्याला बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या घरात येऊन राहिले. मी चिमट्यानं एकेक पट्टी काढून देत होते. ते ती जहाजाच्या सांगाड्यावर वाकवून बसवत होते आणि वरून कपड्यांचे चिमटे लावत होते.

"दाबून धर. बोट हलवू नको."

"भाजतां, अण्णा."

"भाजांदे. थंड झाली काय मगे ऐकूची नाय."

एरवी ते असे बोलत नसत. पण काम हातात असलं की त्यांना सून आणि खिळा यांतला फरक कळायचा नाही. मला त्याचा राग नव्हता. त्या घरात आम्ही दोघंच होतो आणि ते जहाज होतं, म्हणून दिवस जात होते.

एवढ्यात फाटक वाजलं. आसोलीहून माझा भाऊ जनूदादा आला होता. वडील गेल्यावर त्यानंच मला वाढवलेलं. सायकल भिंतीला टेकवून तो पडवीत आला, माझ्या कपाळावरचं कुंकू बघितलं आणि नजर जहाजाकडे वळवली.

"ह्या काय, अण्णा?"

"जहाज."

"ता दिसता. खंयचा?"

"उत्तर धुर्वाचा," अण्णा म्हणाले आणि पुढची पट्टी मागायला त्यांनी हात पुढे केला.

दादा कशाला आला होता ते मला ठाऊक होतं. माझा नवरा रघुवीर, अण्णांचा एकुलता एक मुलगा, एका मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत फिटर होता. आमचं लग्न झालं त्याला दोन वर्षं होत आली होती. त्यातले अकरा आठवडे तो घरी होता. मग तो बोटीवर गेला आणि चार महिन्यांनी त्या बोटीचा बिनतारी संदेश बंद झाला. वादळ झालं होतं म्हणे, नव्हतंही म्हणे. एकतीस माणसं होती. ना फळी मिळाली, ना प्रेत. सहा महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं, की शोध थांबवला आहे आणि बोटीवरच्या सर्वांना मृत समजण्यात यावं. अण्णांनी ते पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि नकाशांच्या खणात तळाशी ठेवून दिलं. त्यावर ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंकू लावून चहा घेऊन गेले. त्यांनी आधी माझ्या कपाळाकडे बघितलं, मग कपाकडे. तेव्हापासून रोज सकाळी ते तसंच बघत.

त्याच आठवड्यात त्यांनी फणसाचं लाकूड आणवलं.

गोदीत असताना कुठल्याशा जुन्या इंग्रजी मासिकातून त्यांनी एका जहाजाचे नकाशे उतरवून घेतले होते. 'फ्राम' नाव त्याचं. नॉर्वेच्या माणसांचं, ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वीचं. ते उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात गेलं आणि मुद्दाम बर्फात अडकून राहिलं. एकशे अठ्ठावीस फुटांचं जहाज अण्णा एकवीस इंचांत बांधत होते, एक इंच म्हणजे सहा फूट. त्यातली एकही वस्तू विकत आणायची नाही असा त्यांचा हट्ट. डोलकाठ्या पोफळीच्या, नांगर वितळवलेल्या शिशाचा, शिडांना माझ्या जुन्या ओढणीचं कापड. त्या जहाजावर दिव्यांच्या विजेसाठी एक पवनचक्की होती, तिची पाती त्यांनी चहाच्या डब्याच्या पत्र्यातून कापली. फुंकर घातली की ती फिरायची, आणि मी केर काढता काढता दोनदा तरी फुंकर घालून जायचेच.

"बर्फ जहाज चिरडता," एकदा त्यांनी मला सांगितलं. "दोनय बाजून आवळता आणि फळयो मोडतत. म्हणान ह्या लोकांनी जहाजाचा पोट गोल केला. बगलंस? खालचो कणो भायर येवचोच नाय. बर्फान आवळला काय जहाज मोडूचा नाय, वर उचालला जायत. आंब्याची ओली कोय चिमटीतसून कशी निसटता, तशी."

"आणि माणसां?"

"माणसां आत. तीन वर्सां. ना पत्र, ना तार. जगान म्हटला, मेली." त्यांनी बोटानं जहाजाच्या गोल पोटावरची धूळ पुसली. "तेरा गेले, तेरा इले. दोगे तर मधीच उतरान बर्फातसून चलत गेले. तेंका वाटला जहाज बुडला, जहाजावरल्यांका वाटला दोगे मेले. आठवड्याच्या फरकान सगळे घराक!"

ते हसले. त्या घरात मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

त्या दिवशी मी मनाशी एक गोष्ट ठरवून टाकली आणि ती कुणालाही सांगितली नाही. ज्या दिवशी हे जहाज पुरं होईल त्या दिवशी रघुवीरची खबर येईल. कुणी देवाला कोंबडं बोलतं, कुणी साडी. मी जहाज बोलले. हसायचं तर हसा. चोवीस वर्षांची होते, रात्री नवऱ्याचा चेहरा आठवायला गेलं तर लग्नातल्या फोटोतला आठवायचा, खरा आठवायचा नाही. कशाला तरी धरून राहायचं होतं.

तर पट्ट्या उकडत होतो त्या दिवशी दादा पाणी प्यायला आणि अण्णांना म्हणाला, "जरा भायर येतास?" दोघं बावीकडे, विहिरीजवळ गेले. मी पोहे टाकले, पण कान तिकडेच होते. दादाचा आवाज एकदा चढला. "अण्णा, तुमी शिकलले माणूस. चोवीस वर्सांचा चेडू आणि किती दीस बसवन ठेवतलास?" पुढचं रहाटाच्या करकरीत गेलं, शेजारी पाणी काढत होते. खिडकीतून मला एवढं दिसलं की अण्णांनी पडवीकडे, जहाजाकडे बोट केलं आणि काही सांगितलं. दादानं वळून जहाजाकडे बघितलं. मग त्यानं मान हलवली.

जाताना सायकलवर बसत मला म्हणाला, "रव थोडे दीस. म्हाताऱ्याक तुझी गरज आसा."

मला हायसं वाटलं. कुडाळचा एक विधुर मास्तर त्यानं मनात धरला होता हे मला वहिनीकडून कळलं होतं. मला त्या मास्तराचं नावही ऐकायचं नव्हतं. अण्णांच्या म्हातारपणानं मला वाचवलं असं मी समजले.

पोट झालं, डेक झाला, तिन्ही डोलकाठ्या उभ्या राहिल्या. मोठ्या डोलकाठीच्या टोकाला टेहळणीचं पिंप लागलं, अंगठ्याच्या नखाएवढं. मग उरल्या दोरशिड्या. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी दोर ताणलेले असतात, त्यांवर आडव्या दोऱ्या बांधून खलाशांना वर चढायला शिडी करतात. अशा सहा शिड्या. मेण लावलेला शिवणाचा दोरा, आणि जिथं आडवा दोरा उभ्याला भेटतो तिथं गाठ. सगळ्या मिळून सहाशेच्या आसपास गाठी. अण्णा रोज सकाळी उन्हाच्या खिडकीत बसायचे, डोळ्याला भिंग लावायचे आणि सुईच्या टोकानं गाठी मारायचे.

आणि शिड्या काही वर चढेनात.

एका गुरुवारी पुढच्या डोलकाठीच्या डाव्या शिडीला चौदा पायऱ्या होत्या, हे मला पक्कं आठवतं. सोमवारी बघते तर नऊ. मला वाटलं माझी मोजण्यात चूक झाली. पण मग केरात दोऱ्याचे बारीक कुरळे तुकडे सापडायला लागले. बांधून सोडवलेला दोरा तसा कुरळा होतो. दोन दिवसांत पाच पायऱ्या वर, तिसऱ्या दिवशी चार खाली. पावसाळा गेला, गणपती आले आणि गेले, दिवाळी झाली. शिड्या होत्या तिथंच.

त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटायला लागला होता. चहाचा कप बशीत खडखडायचा. मी समजले ते हेच, की गाठ वाकडी पडते, म्हाताऱ्याला लाज वाटते, म्हणून सोडवतात आणि पुन्हा बांधतात. विचारलं नाही. जन्मभर ज्या हातांनी रेघ हलू दिली नाही त्या हातांबद्दल विचारायचं तरी काय? दादा मधूनमधून येऊन जायचा, जहाजाकडे बघायचा, चहा घ्यायचा आणि काही न बोलता निघून जायचा.

नोव्हेंबरात पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायला अण्णा सावंतवाडीला गेले. बहिणीकडे दोन दिवस राहणार होते. बस वळणाआड गेली तशी मी घरात आले, हात धुतले, पदरानं कोरडे केले आणि जहाजापुढे बसले.

त्यांची गाठ मला जमेना. आतून दोरा घ्यायचा, वरून वळवायचा, परत आतून. तासभर डोकं फोडलं. मग बोटांनी आपणहून दुसरंच काहीतरी केलं. आमची आसोली सुरंगीची. मार्च महिन्यात उन्हं वर यायच्या आत कळ्या काढायच्या आणि फुलायच्या आत केळीच्या सोपाच्या दोऱ्यात बांधून वळेसर, म्हणजे गजरे, करायचे, हे मी सहा वर्षांची असल्यापासून करत आले होते. आई म्हणायची, वळेसर बाजारात जातो, गाडीत चेंगरतो, बाईच्या डोक्यात दिवसभर हलतो, म्हणून गाठ अशी बसली पाहिजे की फूल कुजेल पण गाठ सुटणार नाही. ती गाठ त्या दोऱ्यावर लागली मात्र, माझे हात सुटले. डोळे मिटूनही मारता आली असती. अण्णांच्या गाठीपेक्षा बारीक आणि एका ओळीत. त्यांच्या सैल गाठी होत्या त्यांवरही मी माझ्या मारल्या.

पहिल्या दिवशी साडेतीन शिड्या झाल्या. दुसऱ्या दिवशी चार वाजता शेवटची. पाठ धरली होती, डाव्या बोटाला दोऱ्यानं चीर पडली होती, पण मी अंगणात जाऊन उगाचच दोन फेऱ्या मारल्या. इतका आनंद मला त्या घरात कधी झाला नव्हता. तिसऱ्या दिवशी मी शेवयांची खीर केली, न्हाऊन कुंकू जरा मोठंच लावलं आणि फाटकाकडे कान लावून बसले. कुणाची वाट बघत होते ते मला तरी सांगता आलं असतं का? अण्णांची म्हणा, पोस्टमनची म्हणा, नाही तर खुद्द त्याची.

अण्णा दुपारच्या बसनं आले. पिशवी खाली ठेवली आणि सवयीनं खिडकीकडे गेले. मी दारात उभी होते, तोंडावर हसू मावत नव्हतं.

ते उभे राहिले. मग खुर्ची ओढून बसले. भिंग घेतलं. एका शिडीवरून दुसऱ्या शिडीवर, खालून वर, सगळं बघितलं. नखानं एक गाठ चाचपली.

"कोणी केल्यान?"

"मी."

"सगळां?"

"सगळां. तुमच्या हातांक त्रास होय होतो, म्हणान म्हटला आपणच करूया. आता झाला मां पुरा, अण्णा?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. कपाळाकडे नव्हे, तोंडाकडे. बघतच राहिले. मी अजून हसतच होते.

"झाला," ते म्हणाले. "बरां झाला."

खीर त्यांनी खाल्ली नाही. प्रवासानं पोट बरं नाही म्हणाले. उन्हं कलली तेव्हा मी चहा घेऊन गेले तर ते सुईच्या टोकानं माझी एक गाठ उकलायचा प्रयत्न करत होते. दोऱ्याचे तंतू निघाले, गाठ जागची हलली नाही.

"सुटणा नाय गो तुझी गाठ," ते म्हणाले.

"ती सुटूचीच नाय, अण्णा!" मी अभिमानानं सांगितलं. "वळेसराची गाठ ती. घट्ट मारलंय."

त्यांनी सुई ठेवली. कातर तिथंच हाताशी होती. तिला त्यांनी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेताना त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जनार्दनाक कार्ड घाल. येवन घेवन जा म्हणान."

"कोणाक?"

"तुका."

मला आधी कळलंच नाही. "दोन दिसांसाठी?"

"नाय."

"अण्णा, माझा काय चुकला?"

"काय चुकला नाय."

"जहाजाक हात लावलंय म्हणान?"

मी रडले, हात जोडले, पुन्हा कधी शिवणार नाही म्हटलं, गाठी कापून टाकते म्हटलं. ते खिडकीबाहेरच बघत होते. मग माझा तोल गेला. इतक्या वर्षांत वर तोंड करून न बोललेली मी त्या माणसावर ओरडले, "तुमच्या झिलापरास तुमका खेळणां मोठा! झिलाची बायल गेली तरी चलात, तुमच्या जहाजाक कोणी हात लावूचो नाय!"

त्यांनी कप खाली ठेवला. बशी खडखडली.

"तसां समज," ते म्हणाले.

मी तसंच समजले. अकरा वर्षं तसंच समजले.

दादा तिसऱ्या दिवशी आला. अण्णा आणि तो खोलीत काही बोलले, मी ऐकायला गेले नाही. माझी ट्रंक अंगणात आणली तेव्हा अण्णांनी मनोरमाकाकूंना हाक मारली. हातात नारळ आणि तांदूळ होते.

"हिची ओटी भर."

काकू घुटमळल्या. पदर सावरत हळूच म्हणाल्या, "अण्णा, पण हिची ओटी... आता..."

"भर म्हणतंय मी," अण्णा म्हणाले.

काकूंनी ओटी भरली. मी नारळ पदरात घेतला आणि चालू लागले. सासरच्या उंबऱ्यातून बाहेर पडताना वडीलमाणसाला वाकून नमस्कार करायचा असतो. मी केला नाही. फाटकाबाहेर आल्यावर दादा म्हणाला, "पाया पड गो तेंच्या." मी मागे वळूनही पाहिलं नाही.

पुढच्या वैशाखात माझं लग्न कुडाळच्या त्याच मास्तरांशी झालं. भास्कर तेंडोलकर. भला माणूस. मला दोन मुलं झाली, घर झालं, अंगणात अबोलीची झाडं झाली. सुखात राहिले हे खोटं नाही, तेव्हा कुणी माझी कीव करू नये. रघुवीर आला नाही. त्या बोटीवरचा कुणीच आला नाही. वेंगुर्ल्याला काही कामानं गेलं तरी मी बंदराकडच्या रस्त्याला पाय लावत नसे.

अण्णा गेले ते वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, फाल्गुनात. दादा म्हणाला, बाराव्याला जाऊया. मी नको म्हणत होते, पण भास्कररावांनीच मला पाठवलं. घरात लांबचा एक पुतण्या होता. जहाज खिडकीतच होतं, धूळ बसलेलं. सगळ्या शिड्या जिथल्या तिथं होत्या. पुतण्या म्हणाला, "वैनी, तुमका होया तर न्हेवा. हंय भंगारात जायत." मी नको म्हटलं.

परतताना आम्ही एस. टी. स्टँडच्या बाकावर बसलो. दादानं विचारलं, "न्हेवचा होता मां ता जहाज. नको कित्या म्हटलंस?"

"तेच्यापायीच घराभायर काढल्यानी मां माका. एका खेळण्यापायी."

दादानं माझ्याकडे वळून बघितलं. "ह्या कोणी सांगल्यान तुका?"

"कोणी सांगूक होया? मी हात लावलंय, दुसऱ्या दिसा कार्ड घालूक लावल्यानी."

तो बाकावर माझ्याकडे सरकला. मग म्हणाला, "तेंच्या जित्तेपणी बोलूचा नाय अशी शपत घातल्यानी होती. आता ते नायत. आयक. मी पयलो इललंय, तुमी पट्टयो उकडी होतास, तेवा बावीकडे तेंनी माका काय सांगल्यानी म्हायत आसा? म्हणाले, 'जनार्दना, ह्या जहाज पुरां होयसर कळ काढ. तोवर माझो रघू आसा. पुरां झाला काय मी समजतलंय तो नाय. तेच दिसा तुका कार्ड येयत आणि मी माझ्या हातान तिका धाडतलंय.'"

स्टँडवर कुणीतरी आवळे विकत होतं. माझ्या कानात त्याचा आवाज तेवढा येत होता.

"वर्स झाला तरी जहाज होयना," दादा म्हणाला. "मी येवन बगून जाय. माका कळला होता म्हातारो बांधता आणि सोडयता. बोलूचा कसां? एकुलतो एक झील. म्हटला, सोडवंदे. आणि मगे तुझा कार्ड इला. मी इलंय तेवा विचारलंय, अण्णा, असां एकदम? तर म्हणाले, 'मी नाय पुरां केलंय. तिनां केल्यान. मी नाय तेवा, दोन दिसांत. सुटणत नाय अशो गाठी मारल्यान. तिका जावचा आसा, जनार्दना. तिची चूक नाय. वय आसा तिचा.'"

"मी जावक नाय केलंय रे," मी म्हटलं. "मी तो येवचो म्हणान केलंय. जहाज पुरां झाला काय तो येतलो म्हणान. माका खंय जावचा होता? मी रवतलंय होतंय. जन्मभर रवतलंय होतंय."

दादानं आवळेवाल्याला हातानंच पुढे जायला सांगितलं.

"माका विचारल्यानी कित्या नाय? एक शब्द विचारूचो होतो."

"मी तांच म्हटलंय तेंका. विचारा तिका. तर म्हणाले, 'सून सासऱ्याच्या तोंडार, माका जावचा आसा, असां म्हणात काय? विचारलंय तर लाजेन नाय म्हणात आणि हंयच कुजात. तोंडान सांगूक येणा नाय, म्हणान हातान सांगल्यान.'"

मी पदर तोंडात धरला. आजूबाजूची माणसं बघायला लागली. दादानं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि थोड्या वेळानं, राग नव्हता त्याच्या आवाजात, तो म्हणाला, "पण हेमा, तू तरी घरात होतंस. रोज केर काढी होतंस. बांधलला सोडवतत, ता तुका दिसत होता. तू कदी विचारलंस तेंका, अण्णा, कित्या सोडवतास म्हणान?"

"सासऱ्याक असां विचारतत काय?" मी म्हटलं.

कुडाळची गाडी आली, भरली आणि सुटली. आम्ही दोघं बाकावरच बसून होतो.